मग्दालीया मरीयेवरचा शिक्का

ग्रेगरी 590 मध्ये पोप झाले तेव्हा रोमची पार दैना उडाली होती. तायबरला महापूर येऊन गेला होता, पाठोपाठ आलेल्या प्लेगने आधीच्या पोपचाच बळी घेतला होता. घाबरलेल्या लोकांना पश्चात्तापाची वाट दाखवायची, तर एखादं ठसठशीत उदाहरण हवं होतं. 591 च्या एका प्रवचनात ग्रेगरींनी ते दिलं: मग्दालीया मरीयेचं.

त्यासाठी त्यांनी शुभवर्तमानांतल्या तीन बायका एकत्र केल्या. लूकच्या सातव्या अध्यायात शिमोन परूश्याच्या घरी येऊन येशूचे पाय आसवांनी भिजवणारी एक पापी स्त्री आहे; तिला नाव नाही. योहानाच्या बाराव्या अध्यायात बेथानीची मरीया, म्हणजे मार्था आणि लाजाराची बहीण, येशूच्या पायांना सुगंधी तेल लावते. तिसरी मग्दालीया मरीया, जिच्यातून सात भुतं निघाल्याचं लूक सांगतो. ग्रेगरींच्या मते या तिघी एकच. सात भुतं म्हणजे सगळे दुर्गुण, आणि येशूच्या पायांना लावलेलं तेल ती आधी स्वतःच्या अंगाला लावत होती, तेही पापासाठी. असा वेश्येचा शिक्का बसला तो चांगला चौदाशे वर्षं टिकला.

मुळात मजकूर काय सांगतो? गालीलातल्या ज्या बायका पदरचे पैसे खर्चून येशू आणि त्याच्या शिष्यांबरोबर फिरत होत्या, त्यांत लूक मरीयेचं नाव पहिलं घेतो. रिकाम्या कबरेपाशी ती चारही शुभवर्तमानांत आहे. योहानाच्या विसाव्या अध्यायात उठलेला येशू तिला आधी भेटतो आणि शिष्यांना निरोप सांगायला तिलाच धाडतो. तिच्या चारित्र्याबद्दल कुठे अवाक्षर नाही. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चने तर ही सरमिसळ मान्यच केली नाही. तिथे ती आजही गंधरस घेऊन कबरेकडे जाणारी, प्रेषितांच्या तोलाची स्त्री आहे.

गंमत म्हणजे, साधारण ग्रेगरींच्याच काळात तिकडे बाबेलच्या भूमीत ज्यू पंडितांचा तालमूद आकार घेत होता, आणि त्यात बरोबर उलटा प्रवास दिसतो. यहोशवाच्या पुस्तकातली यरीहोची राहाब खरोखरच वेश्या आहे. मजकूर ते आडपडदा न ठेवता सांगतो. इस्राएलाचे हेर ती घराच्या धाब्यावर जवसाच्या ताटांखाली लपवते आणि खिडकीतून दोर सोडून त्यांना निसटू देते. तालमुदातल्या पंडितांनी तिला यहुदी धर्मात घेतलं, थेट इस्राएलाचा नेता असलेल्या यहोशवाशी तिचं लग्न लावलं आणि यिर्मयासारखे संदेष्टे तिच्या वंशात जन्माला घातले. मत्तयानेही येशूच्या वंशावळीत राहाबचं नाव आवर्जून लिहिलं. म्हणजे एकीकडे वेश्या असलेलीला वाचकांनी कुलमाता केलं, दुसरीकडे नसलेलीला वेश्या. दोन्हीकडे त्यांना जशी बाई हवी होती, तशी त्यांनी घडवली.

युरोपने पुढे पश्चात्तापदग्ध मग्दालीया उचलून धरली. यार्देन नदीपलीकडच्या वाळवंटात तप करणाऱ्या दुसऱ्याच एका मरीयेची, इजिप्तच्या मरीयेची, दंतकथा तिला जोडली गेली. पंधराव्या शतकात दोनातेल्लोने लाकडात कोरलेली मग्दालीया अस्थिपंजर आहे, तिचं अंग तिच्याच केसांनी झाकलेलं आहे. शंभरेक वर्षांनी तिशियानने रंगवलेली मग्दालीया आकाशाकडे डोळे लावून रडते आहे. केस इथेही आहेत, पण ते लपवतात कमी आणि दाखवतात जास्त. याच काळात चर्चमध्ये तिला ‘प्रेषितांची प्रेषिता’ही म्हटलं जायचं. पण चित्रकाराला गिऱ्हाईक मिळायचं ते रडणाऱ्या सुंदरीसाठी. 1517 मध्ये लफेव्र देताप्ल या फ्रेंच विद्वानाने या तिघी वेगळ्या असल्याचं लिहिलं, तेव्हा पॅरिसच्या धर्मपंडितांनी 1521 मध्ये त्याचं मतच धिक्कारलं.

हा सगळा पोथीतला वाद म्हणून सोडून देता आला असता; पण त्याची किंमत जित्याजागत्या बायकांनी मोजली. 1758 मध्ये लंडनमध्ये ‘पतित’ स्त्रियांसाठी मॅग्डलेन हॉस्पिटल निघालं, 1767 मध्ये डब्लिनमध्ये तसंच आश्रयगृह. पुढे आयर्लंडमध्ये जोगिणींनी चालवलेल्या मॅग्डलेन धुलाईघरांचं जाळं पसरलं. तिथे कुमारी माता होत्या, अनाथ मुली होत्या, घरच्यांना नकोशा झालेल्या होत्या. आत गेल्यावर अनेकींचं नावही बदललं जायचं, आणि दिवसभर लोकांचे कपडे धुण्याबद्दल मजुरी मिळत नसे. 1993 मध्ये डब्लिनच्या हाय पार्कमधल्या अशा एका धुलाईघराची जमीन विकली गेली आणि तिथलं दफनस्थान उकरावं लागलं. परवाना 133 बायकांचे अवशेष हलवण्याचा होता, निघाले 155. शेवटचं धुलाईघर 1996 मध्ये बंद झालं. 1922 नंतर दहा हजारांच्या आसपास बायका या घरांतून गेल्या, असं सरकारी चौकशीतून पुढे आलं आणि फेब्रुवारी 2013 मध्ये पंतप्रधान एंडा केनी यांनी संसदेत माफी मागितली.

याच परंपरेतली एक वेगळी वाट आपल्याकडच्या एका बाईला सापडली होती. पंडिता रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या. तिथे फुलहॅममध्ये वाट चुकलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या जोगिणींचं काम त्यांनी पाहिलं आणि हे कशासाठी करता, असं विचारलं. उत्तरादाखल त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. पाच नवरे झालेल्या या बाईशी येशू विहिरीकाठी बराच वेळ धर्माची चर्चा करतो. रमाबाईंच्या मनाला भिडलं ते हे, की या गोष्टीत बाईला नाकारलेलं नाही. पुढे केडगावला मुक्ती मिशनमध्ये त्यांनी अशा स्त्रियांसाठी ‘कृपा सदन’ उघडलं. बाई निष्कलंक असल्याचा दाखला त्यांनी आधी मागितला नाही. मरीयेच्या आजच्या वकिलांनीही हे ध्यानात घ्यायला हवं: ती वेश्या नव्हती हे खरं, पण असती तर निरोप्या होण्याची तिची लायकी कमी झाली असती, असं शुभवर्तमान सांगत नाही.

शिक्का पुसला गेला तो हळूहळू. 1896 मध्ये कैरोच्या बाजारात एक कॉप्टिक हस्तलिखित विकत घेतलं गेलं. ते छापून यायला 1955 उजाडलं. त्यात ‘मरीयेचं शुभवर्तमान’ होतं, आणि येशूने बाईला गुपित सांगितलंच कसं, म्हणून पेत्र त्यात चिडलेला दिसतो. 1969 मध्ये कॅथलिक चर्चने सणांचं कॅलेंडर सुधारलं. 22 जुलैला तिच्या दिवशी पूर्वी लूकमधल्या पापी स्त्रीचा उतारा वाचला जायचा, त्याऐवजी योहानाच्या विसाव्या अध्यायातला उतारा आला. 2003 मध्ये ‘द दा विंची कोड’ या कादंबरीने तिला येशूची बायको करून टाकलं, म्हणजे पुन्हा पुरुषाशी असलेल्या नात्यानेच ओळख दिली. जून 2016 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तिच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा दिला.

मान मिळाला, तो उशिरा का होईना, खरा आहे. अधिकाराचं मात्र जिथल्या तिथे आहे. मिसेतलं, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेतलं, प्रवचन फक्त दीक्षित पुरोहिताने किंवा उपपुरोहिताने द्यावं असा कॅथलिक चर्चचा कायदा आहे आणि दीक्षा फक्त पुरुषांना मिळते. त्यामुळे पुनरुत्थानाची बातमी शिष्यांना सांगायला जिला धाडलं, तिच्या सणाच्या मिसेत तिच्यावर प्रवचन देण्याची परवानगी आजही कुठल्या बाईला नाही.