ऊगोलीनो देल्ला गेरार्देस्का

(सु. १२२०–मार्च १२८९). मध्ययुगीन इटलीतील पीसा या नगरराज्याचा सत्ताधीश व दोनोरातीकोचा काउंट. दान्तेच्या दिव्हीना कोम्मेदीआ या महाकाव्यामुळे तो आणि त्याच्यासमवेत मृत्यू पावलेले त्याचे पुत्र-पौत्र अजरामर झाले; तथापि काव्यातील ऊगोलीनो व इतिहासातील ऊगोलीनो यांत बरेच अंतर आहे.

गेरार्देस्का हे लाँबर्ड वंशीय घराणे पवित्र रोमन सम्राटाच्या पक्षाचे, म्हणजे गिबेलीन होते. सार्डिनिया बेटावरील काल्यारीच्या राज्याचा पाडाव झाल्यावर त्याचा एक हिस्सा ऊगोलीनोस मिळाला. त्याचा पुत्र ग्वेल्फो याचा विवाह सम्राट दुसरा फ्रीड्रिख याचा अनौरस पुत्र एन्त्सो याच्या कन्येशी झाला. याउलट, पोपच्या बाजूच्या ग्वेल्फ पक्षातील व्हिस्कोंती घराण्याशीही त्याने सोयरीक जोडली. या दुहेरी संबंधांमुळे त्याचे सामर्थ्य वाढले. पण दोन्ही पक्षांत त्याच्याविषयी संशयही निर्माण झाला.

६ ऑगस्ट १२८४ रोजी मेलोरियाच्या आरमारी युद्धात जेनोआने पीसाचा दारुण पराभव केला. या युद्धात ऊगोलीनोने आपली जहाजे मुद्दाम मागे घेतली, असा आरोप पुढे त्याच्यावर करण्यात आला. पराभवानंतर नगराची सत्ता त्याच्याच हाती आली. जेनोआ, फ्लॉरेन्स व लूक्का यांची युती मोडण्यासाठी त्याने काही किल्ले शत्रूस दिले. हे मुत्सद्देगिरीचे कृत्य होते की देशद्रोहाचे, याविषयी मतभेद आहेत. व्हिस्कोंती घराण्यातील आपला नातू नीनो याच्यासह त्याने काही काळ राज्य केले. परंतु लवकरच दोघांत वितुष्ट आले. आर्चबिशप रूज्जेरी देल्यी ऊबाल्दीनी याने गिबेलीन घराण्यांच्या साहाय्याने जुलै १२८८ मध्ये उठाव घडवून आणला. ऊगोलीनो, त्याचे पुत्र गाद्दो व ऊग्वीच्चोने आणि नातू नीनो (‘ब्रिगाता’) व आन्सेल्मूच्चो या पाच जणांस ग्वालांदी घराण्याच्या मनोऱ्यात कोंडण्यात आले. मार्च १२८९ मध्ये त्यांचे अन्न बंद करण्यात आले व पाचही जण उपासमारीने मरण पावले.

इन्फेर्नोच्या बत्तिसाव्या व तेहेतिसाव्या सर्गांत दान्तेने ऊगोलीनोला देशद्रोह्यांच्या हिमनरकात रूज्जेरीची कवटी कुरतडताना दाखविले आहे. काव्यात चौघेही त्याची कोवळ्या वयाची मुले आहेत. प्रत्यक्षात दोघे प्रौढ पुत्र व दोघे नातू होते. पित्याचा अपराध काहीही असो, त्याची शिक्षा मुलांना देणाऱ्या पीसा नगराचा धिक्कार करणे, हा या बदलामागील हेतू दिसतो. ऊगोलीनोच्या कथनाचा शेवट दान्तेने द्व्यर्थी ठेवल्यामुळे त्याने मुलांचे मांस खाल्ले काय, हा वाद उद्भवला. पीसातील सान फ्रांचेस्को चर्चमध्ये सापडलेल्या सांगाड्यांची तपासणी मानवशास्त्रज्ञ फ्रांचेस्को माल्लेन्यी यांनी या शतकाच्या आरंभी केली. ते सांगाडे याच पाच जणांचे असून त्यांत नरमांसभक्षणाचा पुरावा आढळत नाही, असे त्यांचे मत आहे. मात्र सांगाड्यांची ही ओळख सर्वमान्य नाही.

चॉसरने कँटरबरी टेल्समध्ये हीच कथा सांगितली असून कार्पो व रॉदँ या फ्रेंच शिल्पकारांनी ती शिल्पबद्ध केली आहे. पुढे ‘भुकेचा मनोरा’ या नावाने ओळखल्या गेलेल्या त्या वास्तूचे अवशेष पीसातील पालात्सो देल्लोरोलोजो या इमारतीत समाविष्ट आहेत.