ज्योत पिवळी का होते?

चूल होती तेव्हा तिचं दुखणं घरातल्या बाईला लगेच कळायचं. लाकूड ओलं असलं की धूर डोळ्यांत जायचा, पऱ्हाट्या चांगल्या वाळलेल्या असल्या की जाळ भडकायचा. फुंकणी हाताशी असली की दुसऱ्या कुणाची गरज लागत नसे. आता आमच्या हिमायतनगरात, ज्याला जुनी माणसं अजून वाढोणाच म्हणतात, गॅसची शेगडी ही काही नवलाईची वस्तू राहिलेली नाही. 1955 साली बर्मा-शेल कंपनीनं हा गॅस मुंबईत विकायला आणला, 1965 साली ‘इंडेन’ सुरू झाला आणि 1 मे 2016 ला ‘उज्ज्वला’ योजना आली. खेड्यातल्या, तांड्यावरच्या घरांतही लाल सिलिंडर पोचलं. पण चुलीबरोबर चालत आलेलं शहाणपण सिलिंडरबरोबर आलं नाही. शेगडी बिघडली की आपण तिच्याकडे नुसते बघत राहतो.

मंडळी, शेगडीलाही बोलता येतं. ती रंगातून बोलते.

ज्योत निळी, आखूड आणि स्थिर असली की समजावं, शेगडी ठणठणीत आहे. ज्योत पिवळी, लांब आणि लवलवती झाली, पातेल्याची बूडं काळी पडू लागली, की समजावं, तिचा श्वास कोंडला आहे. हा श्वास म्हणजे हवा. एक भाग गॅस पुरता जळायला साधारण 25 ते 30 भाग हवा लागते. ती कशी मिळते, तेही पाहण्यासारखं आहे. बटण फिरवलं की गॅस एका बारीक पितळी जेटच्या भोकातून जोरानं बाहेर पडतो. त्या जोरानं तो बाजूची हवा आपल्याबरोबर ओढून नळीत नेतो. तिथं दोघांचं मिश्रण होतं आणि ते बर्नरच्या भोकांतून वर येऊन जळतं. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो. न जळलेले कोळशाचे बारीक कण तापून पिवळे दिसतात. तीच आपली काजळी.

गेल्या हिवाळ्यात आमच्या घरातल्या शेगडीच्या एका बाजूला असंच झालं. आठवडाभर भगोणी घासून घरातली मंडळी वैतागली. गॅस एजन्सीचा मिस्त्री आला. आधी त्यानं रेग्युलेटर बंद केला, मग बर्नर उचलून उजेडाकडे धरला. “मामू, निम्मी भोकं दुधानं बुजली,” तो म्हणाला. उतू गेलेलं दूध, वरणाचा फेस, भाताची पेज, सगळं तिथं वाळून दगड झालेलं होतं. त्यानं बर्नर कोमट पाण्यात साबण घालून भिजवला, ब्रशनं घासला आणि पुरता वाळवला. हवेच्या नळीत कोळ्याचं जाळं निघालं, ते तारेच्या ब्रशनं काढलं. जेटला मात्र त्यानं सुई लावली नाही. ते फिरवून काढलं, तोंडानं फुंकलं, उजेडात धरून पाहिलं आणि परत बसवलं.

मी कारण विचारलं. तो म्हणाला, “सुईनं भोक मोठं होतं. मग गॅस जास्त येतो, हवा तेवढीच राहते. ज्योत आणखी पिवळी. वर सिलिंडर लवकर संपतं.” ही एक गोष्ट लक्षात ठेवली तरी पुष्कळ झालं, कारण घरोघरी पहिला हात सुईकडेच जातो.

दुसऱ्याही काही खुणा आहेत. बर्नरची टोपी तिरपी बसली की ज्योत एका बाजूला उंच, दुसऱ्या बाजूला बसकी दिसते. बंद करताना ‘भक्क’ असा आवाज आला, की ज्योत मागं नळीत शिरते आहे असं समजावं. अशा वेळी बर्नर नीट बसला आहे का, झिजला आहे का, ते पाहावं. बटण घट्ट झालं तर आतलं ग्रीस वाळलेलं असतं. तिथं घरातलं गोडं तेल किंवा मशीनचं तेल घालू नये. उष्णता सोसणारं ग्रीस वेगळं असतं आणि ते काम मिस्त्रीचंच. ज्योतीवर मीठ सांडलं तर ती क्षणभर पिवळी होते, तो दोष नव्हे, मिठाचा गुण आहे. सिलिंडर संपत आलं की कधी कधी ज्योतीचा शेंडा पिवळसर होतो, नवं लावलं की जातो.

आता तुम्ही म्हणाल, काजळीच ना, घासून टाकू. पण प्रश्न घासण्याचा नाही. अर्धवट जळणाऱ्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा 200 पटींहून अधिक जोरानं त्याला धरून ठेवतं. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते आणि माणूस झोपूनच राहतो. खिडकी उघडी असलेल्या स्वयंपाकघरात धोका कमी. पण बंद न्हाणीघरातला गॅस गिझर दर थंडीत कुणाचा ना कुणाचा जीव घेतो. गिझर न्हाणीच्या बाहेर हवा, किंवा त्याचा धूर नळीनं थेट बाहेर जायला हवा. झरोका कापडानं बुजवू नये.

अमेरिकेत, कॅनडात गेलेल्या आपल्या मुलांच्या घरांत तळघरात मोठी भट्टी असते, घर ऊबदार ठेवण्यासाठी. जुन्या भट्ट्यांत एक लहानशी ज्योत, ‘पायलट’, अखंड तेवत असते. ती विझली आणि गॅस चालूच राहिला तर अनर्थ होईल, म्हणून तिच्याशेजारी दोन वेगळ्या धातूंची एक कांडी बसवलेली असते. तापली की तिच्यात थोडीशी वीज तयार होते आणि त्या विजेवर गॅसची झडप उघडी राहते. ज्योत विझली, कांडी थंड झाली, की वीज संपते आणि झडप आपोआप मिटते. धातूंचा हा गुण जर्मनीच्या सीबेकनं 1821 साली ओळखला. ज्योत पेटते पण बटण सोडताच विझते, तेव्हा बहुधा ही कांडीच मळलेली, ढिली किंवा निकामी झालेली असते. आपल्याकडच्या काही नव्या शेगड्यांतही ही सोय येते. वारा किंवा उतू गेलेलं दूध ज्योत विझवतं, पण गॅस बंद होतो. शेगडी घेताना याची चौकशी जरूर करावी.

बिघाड आणि गळती या मात्र वेगळ्या गोष्टी. गॅसला मुळात वास नसतो, गळती कळावी म्हणून तो मुद्दाम घातलेला असतो. हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. वास आला तर दिव्याचं बटण चालूही करू नये, बंदही करू नये. रेग्युलेटर बंद करावा, दारं-खिडक्या उघडाव्यात, बाहेर पडून 1906 या क्रमांकावर फोन करावा. गळतीची शंका असली तर साबणाच्या फेसानं तपासावं, काडी ओढून कधीच नव्हे. सिलिंडर उभं आणि शेगडीपेक्षा खाली असावं. सुरक्षा नळी 5 वर्षांनी बदलावी, तडा दिसला तर त्याआधीच.

घरात जी रांधते तिचा श्वास आणि शेगडीचा श्वास एकाच खोलीत चालतो, म्हणून दुरुस्ती उद्यावर ढकलू नये. आज रात्री भाकरी टाकण्याआधी क्षणभर दिवा मालवा आणि ज्योतीचा रंग बघा. निळी असेल तर निर्धास्त तवा ठेवा. पिवळी असेल तर सकाळी मिस्त्रीला निरोप धाडा.