उंच गिनीचा सोस

गिनी गवताची ठोंबं विकणाऱ्या व्हिडिओंत एक दृश्य हमखास असतं. माणूस हात वर करून गवतात उभा, आणि गवत त्याच्या बोटांच्याही वर. खाली ओळ: भरपूर उत्पादन, भरपूर प्रथिनं. या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत. गिनी एवढं उंच होतं तोवर त्यातली प्रथिनं केव्हाच उतरलेली असतात.

खतपाणी नीट मिळालेल्या कोवळ्या, पानाळ गिनीत कोरड्या वजनाच्या साधारण 10 ते 12 टक्के प्रथिनं असतात. तुरे पडून काड्या कडक झाल्या की तीच 5-6 टक्क्यांवर येतात. गाईच्या पोटातल्या जिवाणूंना चारा पचवायला 7 टक्क्यांच्या आसपास प्रथिनं लागतात. त्याखाली त्यांचं काम मंदावतं, चारा पोटात रेंगाळतो आणि जनावर खातंच कमी. कापलेला ढीग मोठा दिसतो, दूध मात्र वाढत नाही. गव्हाणीत उरलेल्या जाड काड्या रोज हेच सांगत असतात, पण आपण दोष देतो जातीला आणि पुढच्या वर्षी दुसरी ठोंबं आणतो.

जातींबद्दलही थोडं. 'मोंबासा' हे काहीतरी नवंच गवत असल्यासारखं विकलं जातं. ते गिनीच. गिनी मूळचं आफ्रिकेचं. 1967 ते 1969 या काळात फ्रेंच शास्त्रज्ञांनी केनिया आणि टांझानियातून त्याचे नमुने गोळा केले. 1982 मध्ये तो संग्रह एम्ब्रापा या ब्राझीलच्या कृषी संशोधन संस्थेकडे गेला, आणि तिथे निवड होऊन 1990 मध्ये 'टांझानिया' व 1993 मध्ये 'मोंबासा' या जाती बाहेर पडल्या. आपल्याकडेही झाशीच्या चारा संशोधन संस्थेची 'बुंदेल गिनी' आणि कोइमतूरच्या कृषी विद्यापीठाची 'सीओ-3' आहे. जातीजातींत फरक असतो, पण प्रथिनांच्या बाबतीत कापणीचं वय आणि दिलेलं नत्र यांचा परिणाम त्याहून मोठा.

कधी कापावं, यावर फार बारकाईनं काम झालं ते ब्राझीलमध्येच. गवत वाढतं तेव्हा नेमकं काय वाढतं, हे तिथल्या संशोधकांनी मोजलं. कापणीनंतर आधी पानं वाढतात. वरून येणाऱ्या उजेडातला 95 टक्के भाग पानंच अडवू लागेपर्यंत वाढ बहुतेक पानांची असते. त्यानंतर तळाची पानं उजेडाविना पिवळी पडून वाळतात, आणि वरची पानं उजेड गाठायला काड्या लांबवतात. वजन पुढेही वाढतं, पण ते काडीचं आणि वाळक्या पाल्याचं. मोंबासात ही वेळ येते सुमारे 90 सेंटिमीटर उंचीला, टांझानियात 70 ला. हे माप जनावरं चरायला सोडण्यासाठी ठरवलेलं आहे. कापून घालणाऱ्यानं थोडं पुढेमागे केलं तर बिघडत नाही. पण कमरेपर्यंत आलेलं गवत डोक्यावर जाण्याची वाट पाहायला त्यात कुठेच आधार नाही.

'दर 45 दिवसांनी कापणी' हा नियमही म्हणूनच अर्धवट. पाऊस, ऊब आणि खत मिळालं की गिनी महिन्याच्या आतही कापणीला येतं. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत तेवढ्याच उंचीला कितीतरी जास्त दिवस लागतात. कॅलेंडर बाजूला ठेवावं आणि गवताशेजारी काठी धरावी.

जमिनीलगत कापलं की फूट जोमात येते, हा समज बहुधा उसाच्या खोडव्यावरून आला असावा. गिनीचं तसं नाही. नवे फुटवे बुंध्यातल्या डोळ्यांतून येतात, आणि त्यांना पहिली शिदोरी मिळते ती उरलेल्या खुंटातून. 10 ते 15 सेंटिमीटर खुंट ठेवायचे. वारंवार खोल कापलेलं बेट दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मधून पोकळ होतं आणि त्या पोकळीत तण शिरतं.

बियाण्यापासून लावलं तर जात बिघडते, असंही सांगतात. गिनीत उलट आहे. त्याच्या बहुतेक बियांतला गर्भ फलनाशिवाय, आईच्याच पेशींपासून तयार होतो, त्यामुळे रोप आईसारखंच निघतं. खरी अडचण उगवणीची. बी बारीक, एकदम पिकत नाही, पिकलं की गळतं, आणि ताजं बी काही महिने सुप्त राहतं. बी एक सेंटिमीटरहून फार खोल पेरलं की संपलं. म्हणून थोड्या क्षेत्राला ठोंबंच सोयीची: 50 बाय 30 सेंटिमीटरवर गुंठ्याला पावणेसातशेच्या आसपास लागतात.

एकदा लावलं की पाच वर्षं बघायला नको, हा समज सगळ्यात महाग पडतो. एकरी वर्षाला 40 टन हिरवी वैरण धरली तर त्यात सुमारे 8 टन कोरडा चारा. त्यात दीड टक्का नत्र आणि दोन टक्के पालाश धरलं तर 120 किलो नत्र आणि 160 किलो पालाश रानाबाहेर जातं. नत्रच 45 किलोच्या जवळजवळ सहा गोण्या युरियाइतकं झालं. पालाश बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. ते गोमूत्रातून परत येऊ शकतं, पण गोठा धुतलेलं पाणी आपण ओढ्याला सोडतो. युरिया मात्र एकदम ओतू नये. प्रत्येक कापणीनंतर थोडा, पाण्यासोबत. जास्त युरियाचं, वर पाण्याचा ताण बसलेलं गवत नायट्रेट साठवतं, आणि ते जनावराच्या जिवावर बेतू शकतं.

सावलीत गिनी बऱ्याच गवतांपेक्षा बरं येतं, म्हणून केरळात आणि आपल्या कोकणात-गोव्यात नारळाच्या बागेत ते जमतं. उत्पादन उघड्या रानाइतकं नसतं, एवढं गृहीत धरावं. पाणी साचणाऱ्या रानात मात्र ते टिकत नाही. तिथे पॅरा गवत. आणि मराठवाड्यातल्या कोरडवाहू मुरमाड माळावर ओलिताशिवाय गिनी लावण्यापेक्षा मारवेल, पवना, अंजन हीच शहाणी निवड.

नुसत्या गिनीवर दहा-बारा लिटरची गाय भागत नाही. हिरव्या वैरणीत 80 टक्क्यांच्या आसपास पाणीच. दशरथ घास किंवा चवळी, पेंड आणि खनिज मिश्रण सोबत हवंच. घोडा असेल तर अधिकच जपावं: गिनीतलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं, आणि नुसत्या अशा गवतावर ठेवलेल्या घोड्यांची हाडं कमजोर होतात.

राहिला तणाचा प्रश्न. संकरित नेपियरला उगवणारं बी जवळजवळ धरत नाही, त्यामुळे ते लावाल तिथेच राहतं. गिनी पसरतं. हवाई बेटांवर चाऱ्यासाठी नेलेलं गिनी उसाचे मळे बंद पडल्यावर ओसाड जमिनींवर माजलं, आणि ऑगस्ट 2023 मध्ये लहाइना शहर जळालं तेव्हा त्या वाळलेल्या गवतानं आगीला खाद्य पुरवलं. शंभरच्या आसपास माणसं दगावली. आपल्याकडे एवढं व्हायची गरज नाही, पण बांधावरचं आणि पाटाच्या कडेचं गिनी तुऱ्यावर येऊ देऊ नये. कमरेला आलं की कापणाऱ्याच्या रानात बी धरण्याची वेळच सहसा येत नाही.