शनिवारचा सिनेमा

मुलांचा सिनेमा पाहताना एक प्रश्न मला हटकून पडतो. पडद्यावरच्या या पोराची शाळा किती बुडाली असेल? झोप किती मोडली असेल? अमोल गुप्ते हे या प्रश्नाला ताठ मानेने उत्तर देऊ शकणारे दिग्दर्शक आहेत. त्यांची कारकीर्द मला मोलाची वाटते ती आधी यासाठी, पुरस्कारांची गोष्ट नंतरची.

गुप्ते मूळचे नट. महेश एलकुंचवारांच्या नाटकावर केतन मेहतांनी 1984 मध्ये ‘होली’ काढला, त्यातल्या कॉलेजच्या पोरांत आमिर खान आणि आशुतोष गोवारीकरांबरोबर गुप्तेही होते. मुलांचा लेखक म्हणून त्यांचं नाव घरोघरी गेलं ते 2007 च्या ‘तारे जमीन पर’मुळे. अक्षरं डोळ्यांपुढे नाचणाऱ्या, वर्गात ‘ढ’ ठरलेल्या ईशानची ती गोष्ट. कथा-पटकथा गुप्त्यांची, आणि कल्पनेत त्यांच्या पत्नी, संकलक दीपा भाटिया यांचाही वाटा. दिग्दर्शनही गुप्तेच करणार होते, पुढे ते आमिर खानकडे गेलं. ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द त्यानंतर आपल्याकडच्या पालकसभांतही ऐकू येऊ लागला. अभ्यासात मागे पडणारं मूल आळशीच असतं, हा समज एका सिनेमाने इतका हलवल्याचं दुसरं उदाहरण मला तरी सुचत नाही.

त्यांचं खरं काम मात्र 2011 च्या ‘स्टॅनली का डब्बा’त दिसतं. अंधेरीच्या होली फॅमिली शाळेत दर शनिवारी काही तास मुलं जमायची. नाटकाचे खेळ, गप्पा, थोडा दंगा. मुलांच्या लेखी ती कार्यशाळाच होती आणि तिच्यातूनच चित्रीकरण होत गेलं. छायालेखक अमोल गोळे यांच्या हातात फोटो काढायचा साधा कॅनन सेव्हन डी कॅमेरा. ना झगमगते दिवे, ना शंभर माणसांचा ताफा. असं वर्ष-दीड वर्ष चाललं, पण शाळा कुणाची बुडाली नाही. पडद्यावरची मुलं इतकी मोकळी का दिसतात, याचं उत्तर या शनिवारांत आहे. पाठ केलेलं वाक्य म्हणून दाखवणारं पोर या सिनेमात शोधून सापडत नाही.

गोष्ट साधी. स्टॅनली डबा आणत नाही. हिंदीचे वर्मा सर, पोरांच्या भाषेत ‘खडूस’, स्वतःचा डबा न आणता मुलांच्या डब्यांवर ताव मारतात. अमनच्या चार पुडांच्या डब्यावर त्यांचा डोळा. मुलं सुट्टीत डबा घेऊन जागा बदलत राहतात आणि सर जिन्याजिन्याने माग काढतात. शेवटी सर स्टॅनलीलाच बजावतात, डबा नाही तर शाळाही नाही. हा खडूस गुप्त्यांनी स्वतः केला. झाकण उघडताच त्यांची नजर आधी डब्यात पडते, मुलाकडे नंतर जाते. मोठ्या माणसाची भूक एवढी ओंगळ करून दाखवायला नटाकडे धैर्य लागतं. ‘कमीने’तला (2009) भोपे हा पुढारीही त्यांचाच. लहान मुलांच्या बाजूने उभा राहणारा हा माणूस नट म्हणून मात्र हावरे, दांडगे मोठे लोक रंगवत आला, आणि दोन्ही कामं मला एकमेकांना पूरक वाटतात.

स्टॅनलीला आईबाप नाहीत. काकाच्या हॉटेलात तो राबतो, रात्री तिथेच झोपतो, हे शेवटी कळतं. असा स्टॅनली एकटाच नाही. 2001 च्या जनगणनेत 5 ते 14 वयोगटातली सव्वा कोटीहून अधिक मुलं कामावर असल्याची नोंद आहे. स्टॅनलीची भूमिका करणारा पार्थो हा गुप्त्यांचा मुलगा. त्याला त्याबद्दल राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

2014 च्या ‘हवा हवाई’त हीच वाट पुढे जाते. पीक बुडालेल्या शेतकऱ्याचा पोर अर्जुन वाघमारे मुंबईत चहाच्या टपरीवर लागतो आणि रात्री स्केटिंग शिकणाऱ्या मुलांकडे बघत राहतो. गॅरेजमध्ये, जरीकामात, भंगार वेचण्यात, गजरे विकण्यात दिवस घालवणारे त्याचे चार दोस्त भंगारातून त्याला स्केट्स बनवून देतात. सिनेमाचा उत्तरार्ध थोडा सरधोपट आहे. पण चाकं जुळवणाऱ्या त्या काळ्या बोटांचं दृश्य विसरता येत नाही.

2012 ते 2015 या काळात गुप्ते बालचित्र समितीचे अध्यक्ष होते. 1955 साली नेहरूंच्या पुढाकाराने सुरू झालेली ही संस्था सई परांजप्यांनीही सांभाळली होती. 2022 मध्ये ती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. मुलांच्या सिनेमासाठी स्वतंत्र घर असणं गरजेचं होतं, असं माझं ठाम मत आहे.

बालकलाकारांबाबतचा कायदाही उशिराच आला. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांच्या वर नाही, मिळकतीतला किमान 20 टक्के भाग मुलाच्या नावे ठेव, हे नियम 2017 चे. गुप्त्यांचे शनिवार त्याच्या कितीतरी आधीचे.

आता आपल्या बेळगाव-निपाणी भागाकडे येतो. कॅमेऱ्यापुढे साध्या माणसांनी स्वतःचं जगणं मांडणं निपाणीला नवं नाही. दीपा धनराज यांच्या ‘युगांतर’ गटाने 1982 मध्ये इथल्या तंबाखू कामगार बायकांवर माहितीपट केला, तो त्या बायकांनाच बरोबर घेऊन. इकडच्या सरकारी मराठी शाळांत आज अक्षर दासोह योजनेचं गरम जेवण मिळतं, त्यामुळे दुपारच्या डब्याचा प्रश्न बराच सुटला. शाळा सुटल्यावर टपरीवर कपबशा विसळायला जाणाऱ्या पोराची गोष्ट मात्र अजून सांगायची राहिली आहे, आणि ती त्याच्याच बोलीत, मराठीत कानडी मिसळून सांगायला हवी.

म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे. 14 नोव्हेंबरच्या आसपास ‘स्टॅनली का डब्बा’ मुलांना दाखवा. मग शनिवारची शाळा सुटल्यावर दोन तास द्या. कॅमेरा तुमच्या मोबाइलमध्ये आहेच. गोष्ट मुलांना सांगू द्या, आणि वेळ संपली की त्यांना घरी सोडा.