कराडात राहून अप-डाऊन: परवडतं का?

या एपिसोडचा विषय तुमच्यातल्याच बऱ्याच जणांनी मेसेज करून सुचवलाय. नोकरी साताऱ्यात, सांगलीत नाहीतर कोल्हापुरात. घर कराडात. मग रोज अप-डाऊन करायचं, की तिकडंच रूम घ्यायची?

मी स्वतः चार वर्षं कराड-सातारा करतोय. त्यामुळं हे गणित नुसतं कागदावरचं नाही.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. कराड आहेच मुळी येण्या-जाण्याच्या वाटेवर. कृष्णा आणि कोयना, दोघी महाबळेश्वरच्या डोंगरातनं निघतात आणि इथं समोरासमोर येऊन भेटतात. तोच आपला प्रीतिसंगम. आपल्याकडं समुद्र नाही, पण पश्चिमेला कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण, आणि तिथनं खाडीनं पुढं दाभोळ बंदर. कोकण आणि घाटमाथा जोडणाऱ्या वाटेवरचं हे गाव. मध्य प्रदेशातल्या भरहुतच्या स्तूपावर ‘करहाकट’च्या लोकांनी दिलेल्या दानाचे शिलालेख आहेत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीसुद्धा कराडकरांचे हात लांबवर पोचत होते. आगाशिवची लेणीही त्याच काळाच्या आसपासची. तेव्हा बाहेर जाऊन कमावणं आपल्याला नवीन नाही. नवीन आहे ते रोज जाऊन रोज परत येणं.

आता मुद्द्यावर येऊ. कुठं जायचंय त्यावर वाहन ठरतं.

सांगली-मिरजेला किंवा किर्लोस्करवाडीला जाणार असाल तर रेल्वेचा विचार करा. पण आपलं स्टेशन गावात नाही. ते कृष्णेपलीकडं ओगलेवाडीला आहे, जिथं एकेकाळी प्रभाकर कंदील बनायचे. म्हणजे तिथवर गाडी किंवा रिक्षा आलीच. साताऱ्याला मात्र रेल्वे सोयीची नाही, कारण तिथलंही स्टेशन शहराबाहेर माहुलीला आहे. दोन्हीकडं शेवटचा टप्पा अंगावर पडतो. साताऱ्याला आणि कोल्हापूरला हायवेच बरा: एसटी, नाहीतर वडाप.

पैशाचं गणित बघा. एसटीचा मासिक पास साधारण २० दिवसांच्या भाड्यात ३० दिवस चालतो. पण मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मं तिकीट आहे. महिन्याला २५ दिवस जाणाऱ्या मुलीला अर्ध्या तिकिटानं साडेबारा दिवसांचंच पूर्ण भाडं पडतं. म्हणजे तिला पासापेक्षा रोजचं तिकीट स्वस्त. हा हिशेब घरी सगळ्यांना सांगा.

आता वेळेचं गणित, जे कुणीच करत नाही. सातारा ५० किलोमीटरच्या आसपास. घरातनं निघून ऑफिसच्या खुर्चीत बसेपर्यंत दीड तास धरा. येता-जाता तीन तास. २५ दिवसांचे झाले ७५ तास. म्हणजे महिन्यातले तीन दिवस आणि तीन रात्री तुम्ही नुसते गाडीत बसलेले असता! कोल्हापूरला तर त्याहून जास्त. त्यात सहापदरीकरणाच्या कामात मलकापूर, कोल्हापूर नाक्यावर किती अडकायला होतं ते आपल्याला माहीत आहेच. आणि पावसाळा वेगळाच. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कोल्हापूरजवळ हायवेच बंद पडला होता. त्या दिवसांत रूमवाले ऑफिसात होते, अप-डाऊनवाले घरात.

मग रूम घ्यावी का? माझा ठोकताळा सांगतो. दारापासून दारापर्यंत एका बाजूला दीड तासाच्या आत असेल, तर अप-डाऊन करा. घरचं जेवण, आईवडिलांजवळ राहणं, वाचलेलं भाडं, हे सगळं त्यात वसूल होतं. दीड तासाच्या वर गेलं, तर सोमवार ते शुक्रवार तिकडं रूम बघा. शरीर दोन वर्षं सहन करतं, मग पाठ बोलायला लागते.

पण राहायचं ठरवलंत तर एक गोष्ट सांभाळा. गाव फक्त झोपायला ठेवू नका. माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांना आपला नगरसेवक कोण ते माहीत नाही. मनोरे आणि पंताच्या कोटातली नकट्या रावळाची विहीर त्यांनी शेवटची बघितली ती शाळेच्या सहलीत. पाणी वेळेवर येत नाही, स्टेशनला जायला संध्याकाळी नीट सोय नाही, हे आपण गाडीत बसून एकमेकांना सांगतो. पालिकेत जाऊन सांगत नाही, कारण पालिका उघडी असते तेव्हा आपण साताऱ्यात असतो. दिवसभर गावात नसणाऱ्यांच्या अडचणी गावाला दिसतच नाहीत हो.

म्हणून आम्ही एकाच गाडीनं जाणाऱ्या आठ-दहा जणांनी ग्रुप केलाय. बसच्या वेळेबद्दल अर्ज द्यायचा असला की ज्याची सुट्टी असेल तो आगारात जातो. काम दरवेळी होतंच असं नाही. पण निदान आपण इथं राहतो हे कुणाला तरी कळतं.

तुम्ही कुठनं कुठं अप-डाऊन करता आणि किती वेळ जातो, ते व्हॉइस नोट करून पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवतो. चला, भेटू!