पाहुण्यांना गाव दाखवता दाखवता

दिवाळीच्या सुट्टीत पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की बडोद्यातल्या मराठी घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "अरे, यांना जरा गाव दाखवून आण." मग घरातला कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी पाहुण्यांना घेऊन निघते. लक्ष्मी विलास पॅलेस, सयाजीबाग, म्युझियममधला देवमाशाचा सांगाडा, सूरसागर आणि परतताना शेव-उसळ. पाहुणे खूश, घरचेही खूश.

पण तेच मूल बारावीनंतर म्हणालं की "मला टुरिझम करायचंय", तर घरात शांतता पसरते. "म्हणजे काय करणार? तिकिटं काढणार?" आजोबा विचारतात. "गाइडला कुठे पगार असतो?" आई विचारते. प्रश्न चुकीचे नाहीत. त्यांची उत्तरं मुलांनी स्वतः शोधलेली असावीत, एवढ्यासाठी हा लेख.

कामं कोणती?

पर्यटन म्हणजे एक नोकरी नव्हे, तर स्वभावानुसार निवडता येतील अशी चार-पाच वेगवेगळी कामं आहेत.

पहिलं, तिकीट आणि आरक्षण. इथे अमेडियस, गॅलिलिओ यांसारख्या संगणकप्रणाली शिकाव्या लागतात. बडोद्याच्या विमानतळाची खूण बीडीक्यू, मुंबईची बीओएम, अशी अक्षरं पाठ होतात. तिकिटावरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी जुळलंच पाहिजे. आपल्याकडे वडिलांचं नाव मध्ये येतं, आडनाव कधी आधी तर कधी शेवटी, आणि लग्नानंतर बदललेलं नाव पासपोर्टवर असतंच असं नाही. एका अक्षराच्या चुकीने एखादं कुटुंब विमानतळावर अडकू शकतं. ज्याला काटेकोरपणा आवडतो, त्याचं हे काम.

दुसरं, सहलीची आखणी. किती अंतर, किती वेळ, जेवण कुठे, आजींना किती पायऱ्या चढाव्या लागतील, हे सगळं कागदावर आधी मांडावं लागतं. पावागडला रोपवेने गेलं तरी पुढे पायऱ्या आहेतच. ज्येष्ठांच्या गटाला हे न सांगणारा आखणीकार कच्चा.

तिसरं, टूर मॅनेजर. केसरी पाटील यांनी 1984 मध्ये 'केसरी टूर्स' सुरू केली, 2013 मध्ये 'वीणा वर्ल्ड' आली. अशा कंपन्यांमुळे मराठी कुटुंबांना गटाने जग पाहायची सवय लागली. या गटांना सांभाळणारा माणूस एकाच वेळी हिशेबनीस, दुभाषा आणि घरातला मोठा मुलगा असतो. कुणाला कांदा-लसूण चालत नाही, कुणाची औषधं बॅगेतच राहिली, कुणाचा पासपोर्ट सापडत नाही. आवाज न चढवता हे निस्तरता आलं पाहिजे.

चौथं, गाइड. याबद्दल थोडं सविस्तर पुढे.

शिकायचं कुठे?

केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची 'इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ टुरिझम अँड ट्रॅव्हल मॅनेजमेंट' ही संस्था 1983 मध्ये सुरू झाली. मुख्य केंद्र ग्वाल्हेरला. भुवनेश्वर, नोएडा, नेल्लोर आणि गोव्यातही केंद्रं आहेत. बारावीनंतर बीबीए आणि कोणत्याही पदवीनंतर एमबीए करता येतं. प्रवेशाचे नियम बदलत असतात, म्हणून त्या त्या वर्षाची माहिती संस्थेच्या संकेतस्थळावरूनच घ्यावी.

घर सोडणं शक्य नसेल, तर 'इग्नू'चे पर्यटनाचे दूरशिक्षण अभ्यासक्रम आहेत. पर्यटन मंत्रालयाचा 'इन्क्रेडिबल इंडिया टुरिस्ट फॅसिलिटेटर' हा ऑनलाइन प्रमाणपत्र अभ्यासक्रमही आहे. नोकरी किंवा कॉलेज सांभाळून तो करता येतो.

तिसरा मार्ग आपल्या दारातच आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठात पुरातत्त्व, संग्रहालयशास्त्र, इतिहास आणि परदेशी भाषा शिकता येतात. यातल्या एखाद्या विषयाची पदवी आणि जोडीला पर्यटनाचं प्रमाणपत्र, अशी सांगड घातली तर पाया पक्का होतो. नुसता पर्यटनाचा डिप्लोमा पुष्कळांकडे असतो. त्यासोबत फ्रेंच किंवा जर्मन बोलता येणारे मात्र थोडे.

आपलं गाव हेच पाठ्यपुस्तक

बडोद्याच्या मुलाला एक गोष्ट आयतीच मिळालेली असते, ती म्हणजे भाषा. घरात मराठी, रस्त्यावर गुजराती, मित्रांत हिंदी, वर्गात इंग्रजी. आपण ही गोष्ट गृहीत धरतो. बाहेरच्या उमेदवाराला त्यासाठी वर्षं घालवावी लागतात.

आणि आजूबाजूला पाहा. चांपानेर-पावागड हे गुजरातमधलं पहिलं जागतिक वारसास्थळ. 2004 मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं, आणि आपल्यापासून जेमतेम 50 किलोमीटरवर आहे. केवडियाचा 182 मीटर उंचीचा सरदार पटेलांचा पुतळा 31 ऑक्टोबर 2018 रोजी खुला झाला, आणि तिथे जाणाऱ्या कितीतरी लोकांचा मुक्काम बडोद्यात पडतो. नर्मदेकाठी गरुडेश्वरला टेंबे स्वामींची समाधी आहे, नारेश्वरला रंगावधूत महाराजांचं स्थान. महाराष्ट्रातून दत्तभक्त इथे येतच असतात. त्यांच्याशी मराठीत बोलणारा, रस्ता, निवास आणि प्रसादाच्या वेळा माहीत असणारा माणूस त्यांना हवाच असतो.

शहरात तर पावलोपावली गोष्टी आहेत. रावपुऱ्यातला तांबेकर वाडा आणि त्याच्या भिंतींवरची चित्रं आपल्यापैकी किती जणांनी आतून पाहिली आहेत? कीर्ती मंदिरात नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं आहेत, हे किती जणांना माहीत आहे? सयाजीराव महाराज 1887 मध्ये पहिल्यांदा युरोपला गेले, पुढे वारंवार गेले आणि जिथे जे चांगलं दिसलं ते इथे आणत राहिले. अमेरिकेतली ग्रंथालयं पाहून त्यांनी 1910 मध्ये विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बडोद्याला बोलावलं. प्रवास कशासाठी करायचा, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण कुठे सापडेल?

पण गाइडने गावाचं कौतुकच तेवढं सांगायचं नसतं. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 मध्ये अमेरिकेला शिकायला गेले, हे आपण अभिमानाने सांगतो. 1917 मध्ये ते संस्थानच्या नोकरीसाठी इथे आले, तेव्हा जातीमुळे त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी विश्रामगृहात नाव बदलून त्यांना राहावं लागलं आणि तिथूनही हाकलण्यात आलं. त्या दिवशी ते कामाठीबागेत, म्हणजे आजच्या सयाजीबागेत, बसून होते. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते आणि महाराष्ट्रातून अनेक जण ती पाहायला येतात. हा प्रसंग त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवला आहे.

आतिथ्याच्या धंद्यात शिरणाऱ्या प्रत्येक मुलाने हा प्रसंग वाचावा. दारात आलेल्या प्रवाशाला जागा नाकारली की काय होतं, हे कोणत्याही अभ्यासक्रमातल्या प्रकरणापेक्षा तो जास्त नीट शिकवतो. आणि पॅलेस दाखवणाऱ्याने ही बागही दाखवली, तरच गावाची गोष्ट पुरी होते.

पैसे भरण्याआधी

आता आईच्या प्रश्नाकडे. या धंद्यात सुरुवातीचा पगार बेताचा असतो. हंगाम असतो, दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत, म्हणजे सगळं जग घरी असताना, तुम्ही बाहेर असता. 2020 मध्ये कोरोना आला तेव्हा सगळं काम एका फटक्यात थांबलं. म्हणून हातात दुसरं काहीतरी हवं : परदेशी भाषा, हिशेब, लेखन, छायाचित्रण.

'शंभर टक्के नोकरी, थेट विमानतळावर' अशा जाहिरातींपासून सावध राहा. फी भरण्याआधी चार प्रश्न विचारा. मागच्या वर्षीची मुलं आज कुठे काम करतात? त्यांच्यापैकी दोघांशी बोलता येईल का? आरक्षणाच्या संगणकप्रणालीवर प्रत्यक्ष किती तास सराव मिळेल? मध्येच सोडावं लागलं तर फी परत मिळेल का? उत्तरं लेखी मागा. टाळाटाळ झाली, तर पालकांनी चेकबुक बंद करावं.

आणि त्याआधी एक फुकटची परीक्षा द्या. पुढच्या वेळी पाहुणे आले की एका दिवसाची आखणी स्वतः करा. पॅलेस सोमवारी बंद असतो हे फाटकाशी जाऊन कळता कामा नये. पाणी, सावली, स्वच्छतागृह कुठे आहे ते आधी बघून या. तांबेकर वाड्याची गोष्ट सत्तरीच्या काकांना एका तऱ्हेने आणि दहा वर्षांच्या भाचीला दुसऱ्या तऱ्हेने सांगून पाहा. संध्याकाळी पाय दुखत असतील, घसा बसला असेल; तरीही "उद्या कुठे जायचं?" असं तुम्हीच विचारलंत, तर घरच्यांशी बोलायला हरकत नाही. आजोबांना मात्र त्या दिवशी बरोबर न्या. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर त्यांना वाटेतच मिळेल.