तांदळालाही गावाचे नाव हवे!

रायपूरच्या शंकर नगरात तांदळाचे अप्रूप कोणाला वाटणार? छत्तीसगड म्हणजे ‘धानाचा कटोरा’ आणि रायपूर ही त्याची राजधानी. दुबराजचा भात शिजू लागला की शेजारच्या घरालाही वर्दी मिळते. पण याच तांदळाला द्राक्षाचा मान देणारे कारागीर सध्या जपानमध्ये पाहायला मिळतात. त्यांची साके ही मदिरा आता वाइनच्या वाटेने निघाली आहे.

द्राक्षाच्या रसात साखर आयतीच असते. त्यात यीस्ट मिसळले की वाइन आंबू लागते. तांदळात मात्र साखर नसते, असतो तो स्टार्च. म्हणून जपानी कारागीर वाफवलेल्या तांदळावर ‘कोजी’ नावाची बुरशी वाढवतात. ती स्टार्चची साखर करते आणि त्याच पिंपात, त्याच वेळी यीस्ट त्या साखरेचे मद्य करते. बस्तरच्या आदिवासींनाही ही युक्ती ठाऊक आहे. त्यांच्या ‘लांदा’ या पेयात वाफवलेल्या तांदळाच्या पिठात मोड आलेल्या मक्याचे पीठ मिसळतात. कोजीचे काम इथे मोड करतात!

मग जपानला वाइनकडे का पाहावेसे वाटले? कारण साधे आहे. 1973 च्या सुमारास तिथे साकेचा खप शिखरावर होता. आज तो त्याच्या चौथाईपेक्षाही कमी आहे. नवी पिढी बिअर आणि वाइनकडे वळली. जुन्या भट्ट्या टिकवायच्या तर काही नवे करणे भाग होते.

गुन्मा प्रांतातल्या नागाई भट्टीने शॅम्पेनची रीत उचलली. साके बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवून तिने 2008 मध्ये फेसाळती साके बाजारात आणली. ‘दों पेरिन्यों’ या नामवंत शॅम्पेनचे अनेक वर्षे प्रमुख असलेले फ्रेंच कारागीर रिशार जोफ्रुआ तोयामा प्रांतात गेले. वेगवेगळे तांदूळ आणि वेगवेगळी यीस्ट वापरून केलेल्या साके शॅम्पेनप्रमाणे एकत्र मिसळून त्यांनी ‘इवा 5’ घडवली. कोणी वाइनचे यीस्ट वापरतो, तर कोणी वाइनच्या लाकडी पिंपात साके मुरवतो.

पण सर्वांत मोलाचा धडा नागोयाच्या बांजो भट्टीचा. साकेवाले सहसा शेतकऱ्याकडून तांदूळ विकत घेतात. बांजोने ह्योगो प्रांतातल्या कुरोदाशो इथे स्वतःच ‘यामादा निशिकी’ हा तांदूळ पिकवायला घेतला. वाइनवाले द्राक्षमळ्याचा अभिमान बाळगतात, तसा या भट्टीला शेताचा अभिमान आहे. कोणत्या मातीतला, कोणत्या वर्षीचा तांदूळ, हे तिच्या लेखी महत्त्वाचे ठरले.

आणि आपल्याकडे? डॉ. आर. एच. रिछारिया यांनी 1970 च्या दशकात छत्तीसगडच्या गावोगावचे हजारो वाण गोळा केले. आज रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठात धानाच्या 23 हजारांहून अधिक वाणांचा ठेवा आहे. पण हमीभाव ठरतो तो ‘साधारण’ आणि ‘अ श्रेणी’ या दोनच वर्गांवर. त्यात सुवासाला वेगळे मोल नाही. जुना दुबराज उंच वाढतो, वाऱ्यात आडवा होतो, उशिरा तयार होतो आणि उताराही कमी देतो. केवळ वजनावर पैसे मिळणार असतील, तर शेतकऱ्याने तो का लावावा?

आशेला जागा मात्र आहे. सरगुजाच्या जीराफूलला 2019 मध्ये आणि नगरीच्या दुबराजला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कागदावर गावाचे नाव लागले. आता ते तांदळाच्या पिशवीवर आणि किराणा दुकानदाराच्या तोंडीही यायला हवे. त्यासाठी कोणी मद्य प्यायची मुळीच गरज नाही. तांदूळ घेताना ‘कोणत्या गावचा?’ एवढे विचारले, तरी सुरुवात होईल.